रेइपास तोइनी

फिनलंडमधल्या आमच्या हाकोवारा गावात कुणाला शाबासकी द्यायची असेल तर एकच शब्द पुरतो, रेइपास. इंजेक्शन घेताना न रडलेलं पोर रेइपास. मोडलेल्या बोटाने बटाटे खणणारी बाई रेइपास. नवऱ्याला पुरून आल्यावर त्याच संध्याकाळी गाईंच्या धारा काढायला बसली तर ती फारच रेइपास. वाऱ्याला म्हणतात, झपझप चालण्याला म्हणतात, आणि विजेचे दर एकदम चढले तर पेपरवाले त्या चढण्यालाही रेइपास म्हणतात. देणाऱ्याचं काही जात नाही, त्यामुळे हात सैल सोडून दिला जातो.

मी अर्धं आयुष्य टपाल वाटलंय. गावातल्या प्रत्येक दारात उभी राहिलेय, त्यामुळे कोण कुणाला काय म्हणतं यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये. या शब्दाचे नियम आहेत. स्वतःला तो लावायचा नाही. आपल्यापेक्षा वरच्या माणसाला म्हणायचा नाही. डॉक्टरला किंवा पाद्र्याला रेइपास म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. तो म्हणायचा मुलांना, आजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना आणि बायकांना. आणि सगळ्यात मोठा नियम असा की तो उठता उठता म्हणायचा, टोपी डोक्यावर, हात दाराच्या कडीवर. रेइपास म्हणून झालं की माणूस आपल्या घरी जातो.

नियम मला ठाऊक होते. त्यांचा अर्थ मात्र मला माझ्या शेजारणीमुळे कळला, आणि तिला स्वतःला तो सत्तरी उलटून गेल्यावर कळला.

तोइनी पेसोनेन. तिचा बाप लाकूडतोडीला महिना महिना बाहेर असायचा आणि आईची छाती खराब होती. तोइनी शाळेत जायच्या आधीच्या वयात दूध काढायच्या तिपाईवर उभी राहून चुलीवरची लापशी ढवळायची. गावातल्या बायका डोकवायच्या. "काय रेइपास पोर आहे!" म्हणायच्या आणि जायच्या. एखादीने कधी मासा आणून दिला असेल, मी नाही म्हणत नाही. पण शब्द रोज मिळायचा आणि मासा कधीतरी. आईला तर सगळे रेइपासच म्हणायचे. ती तोंडावर रुमाल धरून खोकायची, म्हणून.

शाळेत एकदा तोइनी नदीच्या उतारावर स्कीवरून पडली. हात मोडला. तरी ती तशीच शाळेत आली, बाकावर बसली आणि डाव्या हाताने शुद्धलेखन लिहिलं. मास्तरीणबाईंनी तिला सगळ्या वर्गासमोर उभं केलं आणि तो शब्द म्हटला. मी तिच्या खालच्या इयत्तेत. मला इतका हेवा वाटला की पुढचा आठवडाभर मी त्याच उतारावर मुद्दाम पडत राहिले. माझं काहीच मोडेना.

पुढे तिने ओइवाशी लग्न केलं. ओइवा जंगलात करवत चालवणारा, उंच, अबोल, हसला तर डोळ्यांनी हसणारा. सासू अशी की चांगला शब्द उसनासुद्धा द्यायची नाही. तिने तोइनीला आयुष्यात एकदाच नावाजलं, ते याच शब्दाने, आणि तोइनीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग गाई विकल्या, तोइनी शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. गुरुवारी वाटाण्याचं सूप. तिने "ताट रिकामं!" असं एकदा म्हटलं की जेवणघरातल्या शेवटच्या बाकावरचं पोरही चमचा उचलायचं. तो आवाज रस्त्यापर्यंत यायचा. एकुलता एक मुलगा स्वीडनला गेला, तिथलाच झाला; नाताळात येतो, जूनमध्ये येतो, दर रविवारी फोन करतो.

असं सगळं नीट चाललेलं असताना ओइवा विसरायला लागला. आधी किल्ल्या, मग वाटा, मग माणसं. आणि त्याच सुमारास तोइनीचा खुबा गेला. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, हाडावर हाड घासतंय, नवा सांधा बसवायला हवा. शहरातल्या हॉस्पिटलने तारीख दिली. तारीख आली, पण ओइवाला ठेवायचं कुठे हे ठरेना. मी ठेवून घेतलं असतं. पण ओइवाच्या लेखी मी अजून टपालवाली आहे. मला बघितलं की पत्र मागतो, आणि नाही म्हटलं की तोंडावर दार लावून घेतो. असल्या पाहुण्याला रात्रभर सांभाळायचं कसं? केअर होममध्ये थोड्या दिवसांसाठी खाट मिळते, पण त्यासाठी सरकारी माणूस घरी येऊन पाहणी करतो आणि मग ठरवतो.

वसंतात एकजण येऊन गेला. दुपारी तोइनी माझ्याकडे आली, गाल लाल.

"इर्या, काय म्हणाला माहितेय? म्हणाला, या वयात इतकी रेइपास बाई मी पाहिली नाही."

"आणि खाट?"

"ती नाही दिली."

मी कपाळाला हात लावला. तिने ऑपरेशनची तारीख सोडली. दुसरी तारीख मिळाली ती ऑक्टोबरातली, आणि हॉस्पिटलच्या बाईने फोनवर स्वच्छ सांगितलं की हीही सोडली तर पुन्हा रांगेच्या टोकाला. त्यात अजून एक हिवाळा गेला असता. त्या खुब्याने तो हिवाळा काढला नसता, हे मला दिसत होतं आणि तिलाही कळत होतं. म्हणून दुसरी पाहणी ठरल्यावर मी कंबर कसली. पाहणीच्या आदल्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि म्हटलं, आता मी ती सरकारी बाई, आणि तू तू.

"सांगा तोइनीबाई, झोप कशी लागते?"

"लागते की."

"चूक."

"अगं पण लागते ना. पडलं की लागते."

"आणि उठवतं कोण?"

"ओइवा."

"किती वेळा?"

"मोजत नाही मी."

"हां, मग हेच सांग. इतक्या वेळा उठवतो की मोजणं सोडून दिलं."

"असं म्हटलं तर त्याची तक्रार केल्यासारखं होईल."

"तक्रारच करायचीय, तोइनी! तेवढ्यासाठी तर येतेय ती. सरकार तिला तक्रारी ऐकायचा पगार देतं."

मी तिला विनाकपड्याची चर्चमध्ये जा म्हणाले असते तरी तिने माझ्याकडे असं पाहिलं नसतं. मी पुढे रेटलं. खिडक्या पुसायच्या नाहीत. चिंध्यांच्या सतरंज्या धुवायच्या नाहीत. भट्टी पेटवायची नाही.

"आणि कॉफी?"

"कॉफी दे. कॉफी मयतालाही देतात."

"नुसती?"

"दुकानातली बिस्किटं ठेव सोबत."

"दुकानातली!" तिचा आवाज चढला. "मला एकवेळ मारून टाक, इर्या. पण माझ्या टेबलावर दुकानातली बिस्किटं नकोत."

शेवटी तिने कबूल केलं, काही करणार नाही. मी तिच्याकडून हातावर हात मारून घेतला.

सकाळी तिच्या अंगणात पाऊल टाकलं आणि वेलदोड्याचा वास आला. आत जाऊन बघते तर खिडक्या अशा लखलखीत की काच आहे का नाही ते कळेना. सतरंज्या धुऊन, वाळवून, ताणून घातलेल्या. टेबलावर वेणी घातलेला गोड पाव, आमचा पुल्ला, भात भरलेल्या राय-धान्याच्या पिठाच्या करंज्या, आणि आणखी दोन ताटं. तोइनी निळ्या ठेवणीतल्या ड्रेसमध्ये, केस मागे बांधलेले.

"ओइवासाठी केलंय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"ओइवाच्या पोटात एवढी जागा आहे?"

"उरेल ते तू घेऊन जा आणि तोंड बंद ठेव."

पाहणीला आलेली बाई तरुण होती. हेन्रीका नाव. शहरातली, छोटी गाडी, टाच असलेले बूट, मांडीवर लॅपटॉप. पोरगी वाईट नव्हती. नीट विचारत होती, ऐकूनही घेत होती. पण विचारून करणार काय? "घर किती सुंदर ठेवलंय!" इथूनच सुरुवात झाली, तेव्हाच माझी आशा संपली.

"घरकाम जमतं का, तोइनी?"

"करायचं म्हटलं की जमतं."

"खुबा फार दुखतो का?"

"या वयात कुणाचं काही दुखत नाही? कुरकुर कशाची करायची."

मी टेबलाखालून तिला लाथ मारली. तिने शांतपणे हेन्रीकाच्या कपात आणखी कॉफी ओतली. चुलीपासून टेबलापर्यंत ती कशी आली ते मी पाहत होते. आधी चुलीची कड, मग खुर्चीची पाठ, मग टेबल. एक हात सतत कशावर तरी. पण घर इतकं लहान आणि सामान इतकं सोयीने ठेवलेलं की अनोळखी माणसाला ते चालणंच वाटावं. घरात काठीही दिसत नव्हती.

"ती खोटं बोलतेय," मी सरळ सांगून टाकलं.

"इर्याला दुसऱ्याच्या घरात डोकवायची जुनी सवय आहे," तोइनी म्हणाली. "टपालखात्याची. पुल्ला घ्या ना अजून."

हेन्रीका हसली. तिने लॅपटॉप मिटला, आभार मानले, कोट चढवला. आणि कडीवर हात ठेवून म्हणाली, "खरंच, तुम्ही किती रेइपास आहात!"

तोइनी लाजली. त्या वर्गात सगळ्यांसमोर उभी होती तेव्हाही अशीच लाजली होती. मला रडावं का तिच्या डोक्यात कॉफीचं भांडं घालावं ते कळेना.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि ओइवा बाहेर आला. जंगलातले बूट, डोक्यावर नारिंगी हेल्मेट.

"उशीर झाला," तो म्हणाला. "मुकादम ओरडेल."

तोइनीने तोवर डोक्याला रुमाल बांधलासुद्धा होता.

"कुठे निघालात?" हेन्रीकाने विचारलं.

"कामावर," ओइवा म्हणाला.

"दांड्यापर्यंत जाऊन येतो," तोइनी म्हणाली. "जंगलाच्या रस्त्यावर लोखंडी दांडा आडवा घातलेला आहे ना, तो बंद दिसला की हा म्हणतो आज सुट्टी दिसतेय, आणि वळतो. त्याआधी वळत नाही. तुम्ही बसा, कॉफी घ्या."

"रोज जाता?"

"काम म्हटल्यावर रोजच."

ती दोघं पायऱ्या उतरून गेली. हेन्रीकाने गाडीची किल्ली काढली.

"ठेव ती खिशात," मी म्हटलं, "आणि चल माझ्याबरोबर."

माझा आवाज बहुतेक मोठा झाला असावा, कारण ती निमूट आली.

ओइवा डोक्याने थकला असला तरी पायाने थकलेला नाही. झपझप चालतो. रेइपास चाल म्हणतात ती हीच. तोइनी आधी त्याच्या बाजूने होती, मग अर्धं पाऊल मागे, मग चार पावलं. घरातल्या खुर्च्या आणि कडा इथे नव्हत्या. प्रत्येक पावलाला ती एका अंगावर खचायची आणि पुन्हा वर यायची. आम्ही मागे आहोत हे ती विसरली होती. तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. जवळ गेल्यावर मला कळलं की ते गाणं नव्हतं, ती दात दाबून कण्हत होती. बर्फ पडलेलं असतं तर तिने पायाने ढकलायची घसरगाडी काढली असती आणि तिच्या दांडीवर भार टाकला असता. नुसत्या खडीवर धरायला काही नसतं.

"काठी का घेत नाहीत त्या?" हेन्रीकाने हळूच विचारलं.

"तिलाच विचार," मी म्हटलं.

चढावर, बर्चच्या झाडापाशी तोइनी थांबली. झाडाला धरून उभी राहिली. "ओइवा!" तिने हाक मारली. तो वळलाच नाही. पुढे वळण आहे, आणि वळणाच्या पलीकडे लाकडाचे ट्रक धडधडत येतात. नारिंगी हेल्मेट वळणाच्या दिशेने चाललं होतं. तोइनीने पाऊल उचललं, टाकलं आणि पुन्हा झाडाला धरलं.

मग तिने मागे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत मी या बाईला मदतीसाठी मागे वळून पाहताना बघितलेलं नव्हतं. तिचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"तू जा गं त्याच्यामागे," ती हेन्रीकाला म्हणाली. "मला नाही जमत."

हेन्रीका गोंधळून उभी.

"मला नाही झेपत!" तोइनी ओरडली. शाळेच्या जेवणघरातला आवाज होता तो.

हेन्रीका पळाली. टाचांचे बूट, चिखल, काही न बघता.

"अडवू नकोस त्याला!" तोइनी मागून ओरडत होती. "दांड्यापर्यंत जाऊ दे! ट्रक येतात त्या बाजूला तू राहा! आणि हात धरू नकोस, तो धरेल तेव्हा धरेल!"

पोरगी वळणाआधी त्याच्याजवळ पोचली. मी तोइनीला रस्त्याकडेच्या गवतावर बसवलं. ठेवणीतल्या ड्रेसला चिखल लागला. तिचं लक्षही नव्हतं.

"मी काय म्हटलं ऐकलंस?"

"अर्ध्या गावाने ऐकलं."

"आता ती म्हणेल, ही बाई काही कामाची राहिली नाही."

"म्हणू दे."

"आईने असलं काही कधी तोंडातून काढलं नसतं."

"नाहीच काढलं," मी म्हटलं. "म्हणून डॉक्टर आला तोवर उशीर झाला होता. तिला पुरताना पाद्री काय म्हणाला होता, आठवतं? शेवटपर्यंत रेइपास होती म्हणाला. आणि सगळ्यांनी माना हलवल्या."

हे बोलायला नको होतं असं मला क्षणभर वाटलं. तोइनी रडायला लागली. रुमालात तोंड न लपवता, नाक न पुसता, लहान पोर रडतं तशी. मला तिचा राग आला होता, भयंकर राग आला होता, आणि तितकीच माया दाटून आली. मी तिला धरून बसले. आमच्याकडे माणसं सहसा एकमेकांना धरत नाहीत, त्यामुळे हात कुठे ठेवावा तेही मला नीट कळत नव्हतं.

थोड्या वेळाने दोघं परत आली. ओइवाने हेन्रीकाच्या कोपराला धरलं होतं. तिच्या बुटांची वाट लागली होती आणि तिला धाप लागली होती.

"सुट्टी आहे आज," ओइवाने आम्हाला सांगितलं. मग हेन्रीकाकडे बोट करून म्हणाला, "नवी पोरगी बरी आहे. दम लागतो तिला. पण शिकेल."

हेन्रीका तोइनीशेजारी गवतातच बसली. लॅपटॉप घरी राहिला होता. तिने घरात विचारलेले तेच प्रश्न पुन्हा विचारले, आणि या वेळी तोइनीने उत्तरं दिली. रात्री तो दार शोधत फिरतो, म्हणून ती दाराला पाठ लावून खुर्चीत झोपते. त्याला आंघोळ घालताना ती सौनात दोनदा पडली. कधी तो तिला ओळखत नाही आणि ढकलतो. ड्रेसच्या लांब बाह्या त्यासाठी आहेत. आणि काठी यासाठी घेत नाही की ओइवाचा बाप काठीने मारायचा. घरात काठी दिसली की हा एवढा थोरला माणूस टेबलाखाली जाऊन बसतो.

हे शेवटचं मलाही माहीत नव्हतं. भिंतीला भिंत लागून राहतो म्हणे आम्ही.

हेन्रीकाने सगळं ऐकून घेतलं. ती "अरे बापरे" म्हणाली नाही आणि तो दुसरा शब्दही म्हणाली नाही. "ऑपरेशन कधी आहे?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ओइवाला खाट मिळाली, तोइनी पायावर उभी राहीपर्यंत. शिवाय नंतरही दर महिन्याला काही दिवस. तोइनीने फोन ठेवला आणि विचारलं, "आता तिला काहीतरी भाजून पाठवायला हवं ना?" मी म्हटलं, आधी तू हॉस्पिटलची बॅग भर.

ऑपरेशन झाल्यानंतर लगेचच मी भेटायला गेले. ओइवाची खबर तिला आधी हवी होती. मी सांगितलं, तो मजेत आहे, तिथल्या आवाराच्या फाटकापर्यंत रोज जातो, फाटक बंद बघतो आणि सुट्टी घेऊन परत येतो. ते ऐकून ती उशीवर टेकली. चेहरा मात्र पांढराफटक होता आणि चादर दोन्ही मुठींत आवळलेली.

हल्ली दुसऱ्याच दिवशी उभं करतात. एक तरतरीत नर्स आली, तिने चाकाचा आधार पुढे आणला आणि तोइनी उभी राहिली. चार पावलं टाकली, परत आली, बसली. घाम कपाळावरून गळ्यापर्यंत.

"वा वा!" नर्स म्हणाली. "काय रेइपास आहात तुम्ही!" आणि पुढच्या खाटेकडे वळली.

"मुली, थांब," तोइनी म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण जेवणघरातलाच होता. नर्स थांबली. पलीकडच्या खाटांवरच्या दोघीजणींनीही माना वळवल्या.

"मी रेइपास नाही. मला दुखतंय."

"किती दुखतंय?"

"खूप. काल रात्रीपासून."

"अहो, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

तोइनीने थोडा विचार केला. ती उगाच काहीतरी उत्तर देणारी बाई नाही.

"तेव्हा जमलं नाही," ती म्हणाली. "मी नुकतीच शिकतेय."

नर्स गेली, औषध घेऊन आली. तोइनीने ते घेतलं. मग नर्सने खाटेखालचं स्टूल पायाने ओढलं आणि औषध लागू पडेपर्यंत ती तिच्याजवळ बसून राहिली.